लख्ख

उस्तादाने कळ अंगठ्याने बाजूला दाबून बंदूक मोडली, काडतुसाची दोन्ही घरं रिकामी आहेत ना हे करंगळी आत घालून पाहिलं, मग नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, नेहमीसारख्या एकदा नाकाजवळून फिरवल्या आणि खिडकीकडे उचलल्या. डावा डोळा मिटला. उजवी नळी उजव्या डोळ्यासमोर आणली. सकाळचा उजेड नळीतून सरळ खाली उतरला आणि शर्टाच्या बटणाएवढा एक गोल त्याच्या बुबुळावर येऊन बसला. मग त्याने नळ्या बोटभर सरकवल्या. डावी नळी डोळ्यासमोर आली. बुबुळावर काहीही आलं नाही.

"लख्ख," उस्ताद म्हणाला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्क्रूचं डोकं घासत बसलेली त्याची सून तशीच थांबली. कानस हातात, तोंड अर्धवट उघडं.

दुकानातल्या तिसऱ्या माणसाच्या, म्हणजे तळेवालीच्या, काहीच लक्षात आलं नाही. आपल्याला बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही, हे ती आल्यापासून तीनदा सांगून मोकळी झाली होती. तिचं गावाबाहेर मासळीचं तळं होतं. पाणकावळे रोज सकाळी थव्याने येऊन बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, गिळून जात होते. पत्र्याचे डबे वाजवून झाले, जाळी लावून झाली. शेवटी सहा महिने परवान्यासाठी खेटे घालून तिने एका निवृत्त कारकुनाची ही जुनी दुनळी घेतली होती आणि काल दुपारी तपासायला इथे आणून टाकली होती.

"लख्ख म्हणजे चांगलं ना?" तिने विचारलं.

"लख्ख म्हणजे लख्ख. चाळीस वर्षांत हा शब्द ऐकल्याशिवाय या दुकानातून एक बंदूक बाहेर गेलेली नाही."

हे मात्र खरं होतं. उस्तादाचं घोडं इथेच अडायचं. बंदूक आधल्या दिवशी आणून द्यायची, रात्रभर दुकानात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात तो बघणार. विजेच्या दिव्यावर त्याचा विश्वास नव्हता. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, कितीही मोठं असो, त्याला उद्या या म्हणून सांगितलं जायचं. आणि लोक यायचे. उस्तादाने लख्ख म्हटलं की डोळे मिटून चाप ओढायचा, अशी आसपासच्या सगळ्या परवानेवाल्यांची रीत झाली होती.

डाव्या नळीचा गोल बुबुळावर आला नाही, हे सुनेने टेबलापलीकडून बघितलं होतं. उजव्या डोळ्याने म्हाताऱ्याला धड दिसत नाही, हे तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. आज कळलं ते वेगळं होतं. डाव्या नळीत काहीतरी अडकलंय. आणि नळीत काही अडकलेलं असताना चाप ओढला तर काय होतं, हे तिला या घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात दाखवण्यात आलं होतं. दुकानाच्या भिंतीवर एक नळी टांगलेली होती, टोकापासून वीतभर खाली केळ्यासारखी सोललेली. ती कुणाची, असं विचारलं की उस्ताद सांगायचा, "होता एक. आता टाळ्या वाजवत नाही."

पण अडकेल कसं? काल संध्याकाळी तिने स्वतः दोन्ही नळ्यांतून गज फिरवला होता.

हे तिचं चोरून चालायचं. उस्ताद रोज संध्याकाळी न्हाव्याच्या दुकानात गप्पा छाटायला जायचा. तो कोपऱ्यावरून वळला की ही कडी लावायची, दुसऱ्या दिवशीच्या बंदुका उघडायची, टोकाला तेलाची चिंधी लावलेला गज नळीतून आरपार घालायची, दिवा धरून बघायची आणि सगळं होतं तसं ठेवून द्यायची. दोन वर्षांपूर्वी एकदा तो सरळ स्क्रूला उलटा पिळत बसलेला तिने पाहिला होता आणि मग एकदा, नळी डोळ्यासमोर येण्याआधीच लख्ख म्हणताना. तेव्हापासून. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्याच दिवशी दुकानाला कुलूप ठोकलं असतं. तो वीज कंपनीत बिलं तपासायचा आणि फटाक्याच्या आवाजालाही दचकायचा. आणि दुकान बंद झालं असतं तर म्हातारा महिनाभरात खाटेला लागला असता, याबद्दल तिला शंका नव्हती. तिला हे काम आवडायलाही लागलं होतं, पण ते ती स्वतःशीसुद्धा कबूल करायची नाही.

काल न्हाव्याकडे गर्दी होती. उस्ताद दहा मिनिटांतच परत आला. कडी वाजली तेव्हा गज डाव्या नळीत होता. तिने तो हिसक्यासरशी बाहेर ओढला, कपाटामागे सारला आणि दार उघडलं.

ती उठली. पाणी घ्यायला जातेय असं दाखवत कपाटाशी गेली आणि मागे हात घातला. गजाचं टोक बोटांना लागलं. थंड, पितळी, उघडं. चिंधी नव्हती.

म्हणजे चिंधी आत होती. तिला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

तोवर उस्तादाने बंदूक जोडलीही होती. हे काम तो अजूनही असं करायचा की बघत राहावं. नळ्या दस्त्याला टेकल्या, खट्, खालचं लाकूड बसलं, खट्, आणि झालं. त्याने बंदूक तळेवालीच्या हातात दिली, पण एक बोट वर करून.

"एक लक्षात ठेवा, बाई. बंदूक हातात आली की आधी उघडायची. समोरच्याने आत्ता तुमच्या नाकासमोर उघडून दाखवली असली तरी आपण पुन्हा उघडायची. आरपार बघायचं. त्यात मान-अपमान काही नाही."

"तुमच्या हातून घेतली तरी?"

उस्ताद हसला. "माझ्या हातून घेतलीत तर राहू द्या."

तळेवालीही हसली आणि तिने बंदूक तशीच पिशवीत सारायला घेतली.

"बाई, थांबा जरा," सून म्हणाली. "नंबर लिहायचा राहिलाय."

"नंबर काल लिहिलाय," उस्ताद म्हणाला. "तूच लिहिलास."

"एक आकडा पुसट आलाय. बंदूक द्या इकडे, बघून घेते."

"अहो, कशाला, मीच वाचते की!" तळेवालीने बंदूक आडवी धरली आणि शाळेतल्या मुलीसारखा एकेक आकडा खणखणीत आवाजात वाचून दाखवला. आता सुनेला वहीत लिहिल्यासारखं करणं भाग पडलं. 

"झालं?"

"नळ्यांना तेलाचा एक हात फिरवून देते ना. दमट जागा आहे तुमची."

"तेल लागलंय त्यांना," उस्ताद म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायला लागल्या होत्या. "सूनबाई, काय चाललंय तुझं? बाईंना घाई आहे."

"आहेच हो घाई," तळेवाली म्हणाली. "आज दुपारी पहिला बार. मेल्यांना कळू दे आता तळं कुणाचं आहे ते!"

तिने पिशवीची चेन ओढली, खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरायला लागली. बाहेर तिचा टेंपो उभा होता, मागे रिकाम्या टोपल्या. सुनेने उस्तादाकडे पाहिलं. तो खुर्चीत बसून समाधानाने हात पुसत होता. आत्ता बोलावं तर चाळीस वर्षांचं नाव गिऱ्हाइकासमोर मातीत जाणार. न बोलावं तर बाईची बोटं जाणार, कदाचित डोळे, कदाचित जीवच. असा विचार करायलाही वेळ लागतो याची तिला शरम वाटली. टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती अनवाणीच बाहेर धावली.

"बंद करा! आधी गाडी बंद करा!"

तळेवाली घाबरून खाली उतरली. सुनेने तिच्या खांद्यावरची पिशवी जवळजवळ ओरबाडूनच घेतली आणि आत येऊन टेबलावर ठेवली.

"चूक झाली," ती म्हणाली. "माझी. डाव्या नळीत चिंधी राहिलीय."

 तिने बंदूक मोडली, नळ्या सोडवल्या, कपाटामागून गज काढला. गजाची जागा भिंतीवरच्या खिळ्यावर होती आणि तो कपाटामागून निघाला, हे उस्तादाने ऐकलं. त्याची मान तिकडे वळली. ती नळीच्या तोंडाकडून गज सावकाश आत सारू लागली. अर्ध्यावर तो अडला. तिने तळव्याने जोर दिला. दुसऱ्या टोकाकडून एक काळपट, तेलाने थबथबलेली चिंधी बाहेर आली आणि टेबलावर पडली.

तळेवालीने ती दोन बोटांनी उचलली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ही आत होती? आणि मी आज दुपारी..." ती मटकन स्टुलावर बसली. तिची नजर भिंतीवरच्या त्या सोललेल्या नळीकडे गेली आणि तिने ती लगेच फिरवली. "पण उस्तादांनी तर बघितलं ना? माझ्यासमोर बघितलं."

"त्यांनी बघितलं तेव्हा नव्हती," सून म्हणाली. "नंतर मी घातली."

"नंतर कधी? नंतर तर बंदूक माझ्याच हातात होती."

 उस्ताद उठून उभा राहिला होता, एक हात टेबलावर टेकून. तो रागावून ओरडेल, निदान सुनेला चार शब्द सुनावेल, असं दोघींनाही वाटलं असावं. त्याचा दुसरा हात टेबलावर चिंधी शोधत फिरला.

तळेवाली काही वेडी नव्हती. तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मग चिंधी टेबलावर ठेवली आणि हात साडीला पुसला.

"वहिनी, मला दाखवा कसं बघायचं ते," ती म्हणाली. "आत्ता. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

सुनेने दाखवलं. तळेवालीने नळ्या खिडकीकडे उचलल्या, आधी एक, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. "दिसतंय," ती म्हणाली. "समोरच्या खांबावरची तारसुद्धा दिसतेय." जोडायचं कसं तेही तिने दोनदा करून पाहिलं. दुसऱ्यांदा जमलं. जाताना ती उस्तादासमोर थांबली, येते म्हणाली, आणि पायरीवर आल्यावर सुनेच्या दंडाला धरून हळूच म्हणाली,

"मी कुठे बोलायची नाही. पण तुम्ही घरात बोला."

टेंपो गेला. सून दारातच उभी राहिली. आत यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"आपलंच तेल," मागून उस्तादाचा आवाज आला. त्याने चिंधी नाकाशी धरली होती.

"माझ्या हातून राहिली, बाबा. काल तुम्ही लवकर आलात आणि मी घाईघाईत..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी न्हाव्याकडे जातो तेव्हा तू गज घालतेस ते. दोन वर्षं झाली."

ती वळली. तिला एकदम राग आला, असा की कानशिलं तापली.

"माहीत होतं? आणि मी इथे चोरासारखी कडी लावून, जीव मुठीत धरून तुमच्या पायांचा आवाज ऐकत..."

"म्हणून तर खोकायचो मी. पायरीवर. रोज." त्याने चिंधी खाली ठेवली. "काल खोकायचं विसरलो."

ती स्टुलावर बसली. खरंच खोकायचा तो. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला धूळ सहन होत नाही.

"सकाळी नळी नाकाशी नेली की ताज्या तेलाचा वास येतो," उस्ताद म्हणाला. "तो आला की कळतं, तुझी नजर फिरलीय. मग मी लख्ख म्हणतो. नाही आला तर सांगतो, अजून एक दिवस राहू द्या."

"पण तुम्हाला दिसतं किती?"

"उजव्याने काही नाही. डाव्याने तू आहेस की दार आहे एवढं कळतं. बोलायला लागलीस की खात्री पटते."

तिला हसू आलं नाही. "मला वाटायचं, थोडं तरी दिसत असेल. मला वाटायचं, माझ्या हातून काही सुटलं तर सकाळी तुम्ही आहातच."

"आणि मला वाटायचं, तू आहेसच."

 बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सुनेला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. दोन वर्षं इतकं जपलं, डोळ्यांत तेल घालून जपलं, आणि त्या जपण्यानेच आज एक बाई मरता मरता वाचली. तिने नाक पुसलं.

"आज संध्याकाळी मी यांना सांगणार आहे," ती म्हणाली. "सगळं."

"सांग. दुकान बंद करेल तो."

"करू देत."

"तू चालवशील असं म्हणालीस तर नाही करणार." उस्ताद उठला, चाचपत गज उचलला आणि खिळ्याकडे घेऊन गेला. "हात चांगला आहे तुझा. माझ्यापेक्षा बरा. हे मी कधीच बोलायला पाहिजे होतं, पण मग बाकीचंही बोलावं लागलं असतं."

सुनेने मान वर केली. चौदा वर्षांत सासऱ्याने तिच्या हाताबद्दल, स्वयंपाकाबद्दल, कशाबद्दलच कधी चांगला शब्द काढला नव्हता. ती काहीतरी उत्तर देणार होती. पण उस्तादाचा गज धरलेला हात खिळ्यापाशी जाऊन तसाच थांबला होता.

"सूनबाई. मंगळवारी तू कुठे होतीस?"

"माहेरी. आईला बरं नव्हतं ना. सोमवारी दुपारी गेले ती काल सकाळी आले. का?"

"बागवाला सोमवारी सकाळी बंदूक ठेवून गेला. तू निघायच्या आधी."

"कोण बागवाला?"

"टेकडीपलीकडे बाग आहे ज्याची, तो. त्याच्या सासऱ्याची दुनळी आता त्याच्या नावावर झालीय. आठ वर्षं नुसती खुंटीला होती." तो भिंतीकडेच तोंड करून बोलत होता. "मला वाटलं, जाता जाता उरकलंस तू."

"मी ती बंदूक बघितलेलीही नाही, बाबा."

"वास येत होता तेलाचा."

"मी नाही घातलं तेल."

"मग त्याने स्वतःच ओतलं असणार. आणताना बरी दिसावी म्हणून." उस्तादाने गज सोडून दिला. तो फरशीवर पडून घरंगळत गेला. "आठ वर्षं खुंटीला, पोरी. कुंभारमाशा मातीची घरं करतात नळीत. वाळून दगड होतात."

तिने विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. "तुम्ही काय म्हणालात त्याला?"

 उत्तराची वाट न बघता तिने वही उघडली. मंगळवारच्या पानावर उस्तादाची वेडीवाकडी सही होती, रेघेच्या बाहेर गेलेली. खाली दोन फोन नंबर, बागवाल्याच्याच अक्षरात. पहिला लागलाच नाही. दुसऱ्यावर एका बाईने फोन उचलला. मागे शिवणयंत्रांचा असा कल्ला चालला होता की दोघींनाही ओरडून बोलावं लागलं. ती बागवाल्याची बायको होती, कामावर होती, कपड्यांच्या कारखान्यात.

"ते? ते बागेत! सकाळीच काडतुसं घेऊन आले की! रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडलाय. आज जेवायच्या आधी बार काढून बघतो म्हणाले!"

"त्यांना फोन करा! सांगा, बंदुकीला हात लावू नका!"

"बागेत फोन लागत नाही हो! का? काय झालं? अहो, काय झालं?"

सुनेने काय सांगितलं ते तिला नंतर आठवलं नाही. स्कूटरची किल्ली खिळ्यावरून काढताना तिने आणखी दोन किल्ल्या खाली पाडल्या. बाहेर येऊन पाहते तर उस्ताद आधीच स्कूटरच्या मागच्या सीटला धरून उभा.

"तुम्ही कशाला? मी जाते."

"तुझं ऐकणार नाही तो. उस्तादाने बघितलंय म्हणेल." तो चढून बसला. "चल."

बाजारातून बाहेर पडायलाच पाच मिनिटं गेली. एका पाण्याच्या टँकरने रस्ता अडवला होता, त्याच्या चालकाला तिने आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या अशा शिव्या दिल्या आणि गटाराच्या कडेने स्कूटर काढली. मागे उस्ताद सारखा विचारत होता, कुठे आलो, आता कुठे आलो. ती सांगत होती, गिरणी गेली, शाळा गेली, चढ लागला. चढावर स्कूटर दमली. तिने पुढे वाकून जोर दिला, जणू तिच्या वाकण्याने ती पळणार होती. किती वाजले हे बघायचीही तिला भीती वाटत होती. लोक किती वाजता जेवतात? कुणी बारालाच जेवतं, कुणाला दोन वाजतात. बागवाला कसा दिसतो हेही तिला माहीत नव्हतं.

"लवकर बसवेल का तो काडतूस?" उस्ताद मागून म्हणाला, तिला की स्वतःला, कळलं नाही. "नवशिका आहे. घाबरत घाबरत करेल. वेळ लावेल."

टेकडी ओलांडली. खाली उतारावर काट्यांचं कुंपण दिसायला लागलं आणि त्याच्यामागे झाडांच्या सरळ ओळी. माणूस दिसत नव्हता.

"कुंपण आलं, बाबा."

आणि बार झाला.

तिने नकळत ब्रेक दाबला. स्कूटर आचके देऊन बंद पडली. झाडांवरून पाखरं उठली आणि इकडेतिकडे पांगली. उस्तादाची बोटं तिच्या खांद्यात रुतली होती.

"बाबा?"

"गप्प."

तो ऐकत होता. मान तिरकी, तोंड थोडं उघडं. चाळीस वर्षं ज्याने बार ऐकले तो माणूस त्या एका आवाजाची शेपटी विरेपर्यंत ऐकत राहिला. किंकाळी नाही. हाक नाही. दूर कुठेतरी कुत्रं भुंकायला लागलं.

"मोकळा गेला," तो म्हणाला. "सरळ. नळी फाटली की आवाज फुटतो. हा फुटला नाही."

सुनेने कपाळ हँडलवर टेकलं. हसू की रडू ते तिला कळेना, दोन्ही एकदमच येत होतं. तिला वाटलं, आता इथेच रस्त्याच्या कडेला थोडा वेळ बसावं.

खांद्याला हिसका बसला.

"बसतेस काय? गाडी काढ! ही उजवी झाली फक्त! डावी राहिलीय अजून!"

तिने किक मारली. इंजिन धडधडून थांबलं. पुन्हा मारली. पेट्रोल चढलं होतं, वास येत होता. तिसऱ्या किकेला तिने मागे पाहिलं तर सीट रिकामी होती. उस्ताद उतरला होता. दोन्ही हात पुढे धरून तो उतारावरून आवाज आला त्या दिशेने पळत सुटला होता, एक चप्पल मागे राहिली होती, कुंपणाच्या काट्यांत शर्ट अडकला तो त्याने फाडून सोडवला आणि झाडांमध्ये शिरला. तिला तो दिसेनासा झाला. ऐकू मात्र येत होता, साऱ्या बागेला ऐकू जाईल असा.

"उघड! बंदूक उघड! मी बघितलेली नाही रे ती! मला दिसत नाही! ऐकतोस का, मला काही दिसत नाही!"